पेन्सिलीची नोंद

टेंभेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्यावर रागावले होते. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या मृदू स्वभावाविषयी लिहायला सांगितले आहे. तो मी पाहिलेला नाही.

सर संरक्षण कारखान्यातून कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आमच्या हिंदीभाषी शहरातल्या घमापूर वस्तीत, घराच्या ओसरीवर रोज सकाळी ते जखमी कामगारांचे अर्ज भरून देतात. मी तेव्हा एका खासगी कारखान्यात सुरक्षा अभियंता म्हणून नवी होते. तिथे अपघाताची नोंद आधी पेन्सिलीने करायची पद्धत होती. काय लिहायचे ते वरून ठरले की ती खोडून पेनाने लिहायची. पत्रा दाबायच्या प्रेसवर कामता नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली, तेव्हा मीही पेन्सिलच उचलली. यंत्राचे संरक्षक कव्हर काढलेले होते, हे मला दिसले होते. मी ते लिहिले, पण खोडता येईल असे.

कामताच्या घरी कोणी कळवले नाही. विमा कार्यालयालाही नाही. भरपाई हा त्याचा हक्क आहे, हे त्याला सांगणे मालकाचे काम होते; पण त्याला एवढेच सांगितले गेले, "ठीक हो जाओ, फिर आना." त्याची पत्नी सुशीला काय घडले ते विचारायला आठ दिवस फाटकाशी उभी राहत होती. नवव्या दिवशी सर तिच्यासोबत आत आले आणि त्यांनी नोंदवही मागितली.

"ही नोंद पेन्सिलनं काहून?"

"वरून ठरलं की पक्की करतो," मी म्हणाले.

"बोटं वरून ठरवून तुटली का, बेटी? इंजिनिअर होऊन हे करून राहिली तू?"

व्यवस्थापक हसत आले. "टेंभेकर जी, चाय लीजिए. कामता अपना ही आदमी है, देख लेंगे."

"देख तो ये रही है," सर सुशीलाकडे बोट दाखवून म्हणाले, "आठ दिन से. गेट के बाहर से."

चहा तसाच राहिला. सरांनी खिशातले पेन काढून माझ्यासमोर ठेवले. मी वेळ, यंत्र आणि काढलेले कव्हर, तिन्ही गोष्टी शाईने लिहिल्या. त्याच दिवशी विमा कार्यालयाला सूचना गेली. तिची प्रत सरांनी सुशीलाच्या हातात द्यायला लावली. "कळवणं म्हणजे मेहेरबानी नाही," ते मला म्हणाले. "आधी घरी, मग बाकीच्यांना." कामताला भरपाई मिळाली. त्या बोटांविषयी त्या कारखान्यातले कोणीही आजवर त्याच्याशी बोललेले नाही.

महिन्याभरात माझी नोकरी गेली. सर सिविल लाइन्समधल्या आमच्या घरी आले. सगळे ठीक होईल, असे काही ते म्हणाले नाहीत. सुरक्षा अभियंता हवा असलेल्या तीन ठिकाणांचे पत्ते त्यांनी कागदावर लिहून आणले होते. आज मी त्यातल्या दुसऱ्या ठिकाणी आहे. इथे रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर नोंदवही होती, आणि तिच्यात दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. दोरा मी कापला. शेजारच्या विभागातली अजून तशीच आहे.

पंचाहत्तरीनंतर सरांनी विश्रांती घ्यावी, असे या ग्रंथात अनेकांनी लिहिले असेल. मी ते लिहिणार नाही. त्यांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे साथ देवोत आणि राग आहे तेवढाच राहो. त्यांनी शंभर वर्षे जगावे. इतक्या टेबलांवर अजून पेन्सिली आहेत.