उंद्रीच्या सभेतला साऊंड

काल स्वयंपाकघरातला मिक्सर जळाला आणि तापलेल्या वायरिंगचा तो वास येताच मला उंद्रीची सभा आठवली.

बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून गावानं ती पेरली होती, आणि त्या साली बोंडंच किडकी निघाली. बियाण्याच्या कंपनीचा साहेब उत्तरं द्यायला येणार होता. साऊंड माझा आणि सलीमचा. आवाज वाटणारं यंत्र, क्रॉसओव्हर, विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डाकडूनच आवाज वाटून घेत होतो. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज ट्विटर म्हणजे नाजूक छोट्या स्पीकरांना. सकाळी सगळं सुरेख वाजलं.

सभेत आमच्या शेजारच्या कमलकाकूंनी माईक घेतला आणि विजेची लाईन गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला, पण आवाज वाटणारा प्रोग्राम सुरू व्हायच्या आतच काकू बोलू लागल्या. अख्खा आवाज ट्विटरमध्ये घुसला. ट्विटर जळाले, मोठ्या स्पीकरचा जाड आवाज तेवढा उरला. काकू पोटतिडकीनं बोलत होत्या आणि मंडपात नुसतं घुमत होतं, एक शब्द कळेना.

"काकू, माईक सोड! तशीच बोल!" सलीम ओरडला.

"बाई, काही समजत नाही. पुढचा प्रश्न," साहेब म्हणाला आणि काकू खाली बसल्या.

मी कीबोर्ड आपटला. वायरी गुंडाळताना सलीम म्हणाला, "साऊंड बरोबर असता तरी त्यानं उत्तर देलं नसतं बे."

खरं होतं. पण त्याच्याकडे उत्तर नाही, हे तरी सगळ्या गावाला स्वच्छ ऐकू गेलं असतं.