लाल फुगा प्लस, निळा फुगा मायनस

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आईशप्पथ. म्हणजे, एक गोष्ट सोडून. लॅबमध्ये वर्षानुवर्षं काढली की न धुतलेल्या फ्लास्कसारखे किस्से तळाशी साचतात. खरवडताना थोडी काचही निघते.

नव्वदच्या दशकात तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत आम्ही लॅबमध्ये तिघं होतो: मी, साताऱ्याचा शिंदे आणि आमचे साहेब, मुरुडचे पारकर सर. सरांच्या डोक्यात कायम ऑर्बिटल. म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनची राहायची जागा. तिचा एक भाग प्लस, एक मायनस. प्लससमोर प्लस, मायनससमोर मायनस आलं, तर रेणू जुळतात.

सर हे कॅन्टीनच्या समोशांवर शिकवायचे. एका टोकाला लाल चटणी, दुसऱ्याला हिरवी. "लालसमोर लाल ठेव, शिंदे."

शिंदेनं दोन्ही चटण्या कालवून समोसा संपवला. "जुळलं, सर. पोटात."

*

कंपनीच्या मालकांना, आमच्या शेटना, एका पावडरचे दोन-दोन रेणू जोडून हवे होते. आम्ही तापवून बघितलं. डांबर झालं.

सर म्हणाले, "तापवून प्लस-मायनस जुळणारच नाही. उजेड द्या. मग इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर जातो, तिथं जुळतं."

"आमच्या सोसायटीत उलटं हाय," शिंदे म्हणाला. "वरच्या मजल्याचं कुनाशीच जुळत न्हाई."

*

उजेडासाठी मोठा लॅम्प हवा होता. शेटना पटावं म्हणून सरांनी लॅबभर फुग्यांची ऑर्बिटल टांगली. लाल फुगा प्लस, निळा मायनस.

शेट आत आले, वर बघितलं. "बड्डे कोणाचा?"

शिंदे पटकन म्हणाला, "सरांचा."

शेटनी केक मागवला, स्वतः कापला, सरांना भरवला. मग तोंड पुसत म्हणाले, "लॅम्प-बिम्प काय मिळणार नाय. शनिवारपर्यंत जुळलं नाय, तर लॅब बंद. इथे ड्रम ठेवायचे."

*

सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी पावडरचे ट्रे गच्चीवर नेले. ट्रेंवर झाकायला कपाटाच्या काचा. उजेड फुकट होता. शिंदे डोक्याला टॉवेल गुंडाळून कावळे हाकत बसला. खालून वॉचमन ओरडला, "पापड कधी तळणार?"

शनिवारी शेटसमोर सरांनी पावडर बारीक नळीत घेऊन तापवली. न जुळलेली असती तर लगेच वितळली असती. ही वितळेना. आणखी तापवली. तरी नाही.

"जुळलं," सर म्हणाले.

शेट खूश. "लॅम्प लागला?"

"नाही."

"लाइट, गॅस?"

"नाही. फक्त गच्ची."

शेटनी लॅबभर नजर फिरवली. "मग ही खोली कशाला पायजे?"

सोमवारी लॅबमध्ये ड्रम आले. आम्ही तिघं टेबलं घेऊन वर गेलो.

खोटं तेवढं केकचं. शेटनी बिस्किटाचा पुडा आणला होता, तोही अर्धा.