मर्व्ह बिलसने जावई दिला तेव्हा

आमच्या आल्डर क्रीकच्या आइस हॉकी संघाचा मॅनेजर मर्व्ह बिलस फार तत्त्वाचा माणूस. तरुणपणी पहिल्याच मोसमात गुडघा फोडून घेतला आणि ज्याला खेळता येत नाही त्याने खेळणाऱ्यांना शहाणपण शिकवावं, या जगाच्या रीतीप्रमाणे खुर्चीत जाऊन बसला. संघाचे मालक हॅल्डेनसाहेब फर्निचरवाले. कपाट आणि खेळाडू यांत त्यांना एवढाच फरक दिसे, की कपाट पगार मागत नाही. मी दारावर तिकिटं फाडायचो, त्यामुळे दोघांचंही मोठेपण जवळून पाहिलं.

मर्व्हची लेक लेस्या आमच्याच गोलकीपरच्या, इव्हाँच्या, प्रेमात पडली. लग्न थाटात झालं. नाताळ सरला आणि संघ हरायला लागला. लोक कुजबुजले, "जावई म्हणून ठेवलाय." झालं! मर्व्हच्या तत्त्वाला खाज सुटली.

रविवारी सगळे जेवायला बसले होते. त्याची बायको स्टेफ्का पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढत होती. मीठ मागावं तशा सुरात मर्व्ह म्हणाला, "इव्हाँ, तुला पोर्ट ब्रेनरच्या संघाला दिलंय. बदल्यात दोन बचावपटू मिळाले. दणकट आहेत."

इव्हाँचा घास हातातच राहिला. "कधी निघायचं, साहेब?"

"उद्या सकाळच्या बसने."

"आणि मी, बाबा?" लेस्याने विचारलं. "मला कोणाच्या बदल्यात दिलंत?"

"तू करारात नाहीस."

"दोन दणकट आणलेस ना?" स्टेफ्काने त्याच्या पुढची ताटली उचलली. "मग स्वयंपाकही त्यांनाच सांग." लेकीचं बिऱ्हाड लावून द्यायला म्हणून ती सोबत गेली, ती तिथेच राहिली.

त्या दणकटांपैकी एकाचा मुक्काम कायम शिक्षेच्या बाकावर. दुसरा बर्फावर उतरला की वाटे, बर्फ साफ करायचं यंत्र कोणी तरी मध्येच विसरलंय. तरीही आम्ही रडतखडत अंतिम सामन्यात पोचलो. समोर अर्थातच पोर्ट ब्रेनर.

शेवटच्या क्षणी आमचा कप्तान एकटा गोलसमोर. त्याने चकती हाणली, इव्हाँने पाय ताणून अडवली. सामना गेला. आणि मालकांच्या शेजारी बसलेला मर्व्ह उठून टाळ्या वाजवत होता!

"टाळ्या कोणाला, बिलस?" हॅल्डेनसाहेबांनी विचारलं.

"खेळाला, साहेब."

"मग यापुढे तिकीट काढून बघ."

नोकरी गेली. दाराशी त्याचे डोळे ओले दिसले. "बर्फाने चुरचुरतात," मला म्हणाला. जन्म बर्फावर काढलेला माणूस!

पोर्ट ब्रेनरच्या मालकांनी त्याला लगेच नोकरीवर उचललं. असला गोलकीपर जवळजवळ फुकट देणारा माणूस उद्या आपल्या शत्रूवरही असेच उपकार करील, ही त्यांची भीती. स्टेफ्काने दार उघडलं. "आलास? बूट बाहेर काढ. भूक लागली असेल." तेवढ्यावर समेट झाला.

आठवडाभरात हा जेवताना म्हणतो, "इव्हाँची किंमत सध्या चांगलीच वाढलीय..."

"तुमचीही वाढली असेल, बाबा," लेस्या म्हणाली. "हॅल्डेनसाहेबांना विचारून बघू?"

इव्हाँ एवढा हसला की त्याला ठसका लागला. मर्व्हने उठून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.