अपडेटाआधीचं गाऱ्हाणं

दिगूदा गेला त्या वेळी मी खेडला एका लॉजमालकासमोर बसून थापा मारत होतो. तुमची वेबसाइट जपानातले लोकसुद्धा बघतात, असं मी त्याला सांगितलं होतं आणि तो भला माणूस जपान्यांना सोलकढी झेपेल का, ते विचारत होता. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शुभावहिनींचा फोन आला. "मोहनभावजी, असाल तिथून निघा," एवढंच त्या म्हणाल्या. दिगूदा सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. खेड ते रत्नागिरी हा रस्ता त्या दिवशी चारशे मैलांचा झाला होता, आणि यात माझी नेहमीची फोडणी नाही...

याला सव्वा महिना झाला. तेव्हापासून मी दमलोय. दोघांचं काम एकट्याने ओढून दमलोय, आणि त्याहून जास्त एक गोष्ट मनात घेऊन फिरून.

दिगंबर उर्फ दिगूदा आणि मी, आम्ही चौदा वर्षं त्याच्या घराच्या पडवीत दोन टेबलं टाकून वेबसाइटी बनवल्या. आंबावाले, खानावळी, होमस्टे असले आमचे ग्राहक. वेबसाइटचा तयार सांगाडा मिळतो. त्याला ग्राहकाच्या मापाचे कपडे शिवायचे, हा आमचा धंदा. सांगाडा बनवणारे तो अधूनमधून सुधारून पाठवतात, ते अपडेट. दिगूदाच्या वडिलांची कलमांची रोपवाटिका होती, त्यामुळे त्याची सगळी शिकवण तिथूनच यायची. "मोहन्या, खुंटाला कुऱ्हाड लावायची नाय. कलम वर बांधायचं." म्हणजे मूळ फाइलींना हात लावायचा नाही, आपला बदल वेगळ्या फोल्डरात ठेवायचा. कारण अपडेट आलं की मूळ फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि त्यांत कोंबलेलं सगळं पुसलं जातं. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर साइट पडली की दहा संशयित धरून बसावं लागतं. बॅकप नुसता घ्यायचा नाही, परत चढवून बघायचा, "छत्री घरात आहे म्हणून माणूस कोरडा राहत नाय." आणि कोडात टीप लिहिताना काय केलं ते लिहायचं नाही, ते दिसतंच. का केलं ते लिहायचं. हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की पडवीतली पालसुद्धा एखादी साइट उभी करून दाखवील, आणि ती माझ्यापेक्षा नीट करील.

दर महिन्याला एका सोमवारी सगळ्या साइटींची अपडेटं व्हायची. आमच्याकडे देवळात कामाआधी गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला साकडं घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दिगूदा स्क्रीनसमोर हात जोडून उभा राहायचा. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरं अपडेटाला बसलीत. कोणाचा फॉर्म हरवू नको, कोणाचे फोटो उडवू नको..." मी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. पण बॅकप त्याआधी. "देवाकडं बॅकप मागायचा नाय. ते त्याचं काम नाय."

आता ती गोष्ट. पूर्णगडच्या एका बागायतदाराला ऑर्डरच्या फॉर्मात एक चौकोन हवा होता, आंब्याची पेटी कोणत्या एस.टी. स्टँडवर उतरवायची ते लिहायला. दिगूदा केळशीला मेहुणीच्या लग्नाला गेला होता. वेगळ्या फोल्डरात रीतसर करायचं तर अख्खा दिवस मोडला असता. मी मूळ फाइलीत पाच ओळी कोंबल्या आणि वीस मिनिटांत सुरमई खायला मोकळा झालो. दिगूदा परतल्यावर छाती काढून सांगितलं, "तुझ्याच पद्धतीने केलंय रे." तिथून पुढे चार वर्षं, अपडेटाचा सोमवार आला की माझं सुरू. पूर्णगड राहू दे, सीझन आहे. पूर्णगड राहू दे, बागायतदार आजारी आहे. त्या तालीमबाज माणसाला मी चार वर्षांत सगळे आजार दिले, एकदा तर कांजिण्याही. दिगूदा चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "बरं. पथ्य सांभाळ म्हणावं त्याला." त्या साइटच्या आत मी पुन्हा पाऊल टाकलं नाही, फोटो बदलायचे झाले तरी त्याच्याकडेच ढकलायचो. खाडीत ट्रकएवढी मगर पाहिल्याचं मी दहा जणांना शपथेवर सांगतो... पण पाच ओळींचं खरं काही तोंडातून निघालं नाही.

परवा बागायतदाराचा फोन आला. "मोहनशेठ, साइट उघडली की लाल पट्टी येते. अपडेट करा म्हणते. पेट्या निघायच्या आत उरकून टाका." म्हणजे आता सुटका नव्हती. चौकोन उडणार, ऐन हंगामात पेट्या भलत्याच स्टँडवर उतरणार, आणि ज्याच्याकडे कबुली द्यायची तो तर गेलेला. पडवीत जाऊन बसलो. साइट आतून उघडली. चार वर्षं मागे पडलेला सांगाडा दिसेल अशी तयारी केली होती. तो फक्त एका अपडेटाने मागे होता, दिगूदा गेल्यानंतर आलेल्या. मूळ फाइल उघडली, तिच्यात माझ्या ओळीच नव्हत्या. फॉर्मावर मात्र चौकोन जागच्या जागी. शोधल्यावर त्या ओळी वेगळ्या फोल्डरात सापडल्या, आणि वर टीप होती, केळशीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवसाची:

'का: मोहन्याने मूळ फाइलीत कोंबलं होतं. पुसलं जाईल म्हणून इथे आणलं. त्याला विचारायचं नाही. सांगेल तेव्हा सांगेल.'

म्हणजे दर अपडेटाच्या सोमवारी मी घरी गेलो की तो पूर्णगडचं अपडेट गुपचूप करून टाकायचा. आणि वर मलाच कांजिण्यांची खबर विचारायचा.

मी बॅकप घेतला. परत चढवून बघितला. मग उभा राहून हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." पुढचं आठवेना. गाऱ्हाणं कायम त्याचं असायचं, मला फक्त उत्तर पाठ. "पूर्णगडचं अपडेट घेतोय, सांभाळून घे," एवढं म्हणालो आणि थांबलो. आत वहिनी नारळ खवत होत्या. खवण्याचा आवाज थांबला.

"व्हय म्हाराजा," आतून आलं. मग खवणं पुन्हा सुरू झालं.

बटण दाबलं. चौकोन हलला नाही. त्याच्या टिपेखाली मी एक ओळ लिहिली: 'सांगतो. मीच कोंबलं होतं. का: कंटाळा केला, आणि मग तुला घाबरलो.' फाइल जतन केली. ती वेगळ्या फोल्डरात आहे. आता कितीही अपडेटं आली तरी तिला धक्का लागायचा नाही.