ग्रेटा हापालाचे एकशे वीस हप्ते

हिबिंग या खाणींच्या गावच्या कोर्टात ग्रेटा हापाला सरकारी बचाव वकील म्हणून लागली तेव्हा तिचा पगार वर्षाला एकोणपन्नास हजार डॉलर होता आणि शिक्षणाचं कर्ज एक लाख बेचाळीस हजार. वकील परवडत नाही अशांची बाजू सरकारी खर्चाने मांडायची, हे तिचं काम. खाणीत माणसं कमी केली की तिच्याकडची गर्दी वाढायची. असल्या नोकरीत राहून एकशे वीस हप्ते, म्हणजे दहा वर्षं, नेमाने भरले की उरलेलं कर्ज माफ, असा कायदा होता. ग्रेटाने पहिल्याच आठवड्यात साहेबांना, म्हणजे व्हर्न कोस्कीला, सांगून टाकलं की एकशे एकविसाव्या महिन्यात मी इथं नसेन. व्हर्नने मान डोलावली. सगळेच तसं सांगत.

ती हप्ते भरत राहिली. मुलगी झाली त्या दिवशीचा हप्ता नवऱ्याने, डेलने, भरला. तो दवाखान्यात परत आल्यावर ग्रेटाने बाळ त्याच्या हातात द्यायच्या आधी पावती मागितली. हे डेल अजून लोकांना सांगतो आणि ती नाकारत नाही.

एकशे विसावा हप्ता भरून तिने अर्ज केला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. मान्य हप्ते : नऊ. बाकीचे वेळेवर आणि पूर्ण भरले होते, पण चुकीच्या परतफेड योजनेखाली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करून हीच योजना चालेल ना, असं विचारलं होतं. पलीकडच्या बाईंनी चालेल म्हणून सांगितलं होतं, आणि ग्रेटाने त्यांचं नावही विचारलं नव्हतं. जे काही ठरेल ते लिहून घ्या, असं ती गेली दहा वर्षं रोज अशिलांना बजावत होती.

पत्र सकाळी आलं आणि दहा वाजता तिची केस होती. रॉय ट्वोमिनेन नावाच्या छप्पर दुरुस्त करणाऱ्या माणसाने परवाना रद्द असताना गाडी चालवली होती. परवाना परत मिळवण्यासाठीचा दंड त्याने भरला होता, पण शेजारच्या जिल्ह्याच्या कार्यालयात.

"पैसे भरलेत त्यांनी," ग्रेटा न्यायाधीशांना म्हणाली. "सगळे भरलेत. फक्त कुठं भरायचे ते त्यांना कोणी धड सांगितलं नाही."

न्यायाधीशांनी रॉयला सोडलं. ग्रेटा स्वच्छतागृहात जाऊन अकरा मिनिटं बसली आणि साडेदहाच्या केसला उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिने योजना बदलून घेतली आणि हप्ते नव्याने मोजायला घेतले. अजून एकशे अकरा होते. शिवाय ती तक्रारी लिहीत राहिली, दोन वर्षांत एक्केचाळीस. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायची. एक घरी, एक ऑफिसात आणि एक आईच्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मटणाखाली. घराला आग लागली तरी फ्रीझर टिकतो, असं आईचं म्हणणं होतं. आईने ते कुठं ऐकलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

मग सरकारने नियम सैल केले. ठरावीक मुदतीत अर्ज केला तर चुकीच्या योजनेतले हप्तेही धरायचं ठरलं. असे नाडले गेलेले लोक देशभर खूप होते. अर्जासाठी ऑफिसात कागद शोधताना लोकांची तारांबळ उडाली. ग्रेटाचा अर्ज दुसऱ्या दिवशी गेला, कागद जरा गार होते एवढंच. मे महिन्यात पत्र आलं. बाकी शून्य.

तिने गाडीतूनच डेलला फोन लावला.

"नक्की ना?" त्याने विचारलं.

"लिहून दिलंय."

 मग डेल म्हणाला, आज बाहेर जेवू.

दुसऱ्या दिवशी व्हर्नने तिच्या जागी नवा वकील हवा, अशा जाहिरातीचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. तो तीन वर्षांपासून तयार होता. कधी छापू, असं त्याने विचारलं. मंगळवारी एक खुनाची केस उभी राहणार होती. ती झाली की बोलू, असं ती म्हणाली. केस तीन आठवडे चालली. मग दुलूथ शहरातल्या एका खासगी वकिलांच्या कचेरीने तिला जेवायला बोलावलं. पगार दुप्पट होता, मासा उत्तम होता. आमच्याकडे का यावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं. ग्रेटाने खरोखर विचार करून पाहिला, आणि काही सुचत नाही, असं सांगून टाकलं. त्यांना ती विनोद करतेय असं वाटलं.

सोमवारी ती व्हर्नकडे गेली.

"व्हर्न, मी राहतेय. पण मला खिडकी हवी."

"ऑफिसात खिडकी एकच आहे. माझ्या खोलीला."

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

व्हर्नने जाहिरातीचा मसुदा खणात टाकला. शुक्रवारी त्याने आपली कुंडी स्वतः उचलून पलीकडच्या खोलीत नेली. खिडकीतून कोर्टाचं वाहनतळ दिसतं, बाकी काही नाही. अशिलांना घेऊन तुरुंगाची गाडी आली की आता ते ग्रेटाला सगळ्यांच्या आधी कळतं.