बसून जेवण्याची सोय

एकटीपुरती भाजी करता येत नाही, हे मला नवरा गेल्यावर कळलं. कितीही हात आखडला तरी उरतेच. मुलगी बंगळुरूला. व्हिडिओ कॉलवर माझं ताट बघते, "छान" म्हणते आणि मीटिंगला पळते. मला ताटासमोर माणूस हवं होतं. पण उगाच कुणाला जेवायला बोलावलं तर लोकांना शंका येते, म्हणून मी सरळ जाहिरात द्यायचं ठरवलं.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तर नुसते अंगठे आले. मग क्रांती चौकाजवळच्या छापखान्यात पोस्टकार्डं छापायला दिली. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, आणि खाली ठळक अक्षरांत, 'फक्त बसून जेवण्याची सोय.'

छापखानेवाला म्हणाला, "ताई, पार्सल भी लिखो ना. बसून कोन जेवतंय आता?"

"सांगितलं तेवढंच छापा," मी म्हटलं. पार्सलशी काय गप्पा मारायच्या होत्या मला?

संध्याकाळी फिरताना आसपासच्या कॉलन्यांतल्या दारांवरच्या पाट्या वाचून आले आणि पत्ते हातानं लिहिले. लोकांना वाटावं, कुणीतरी खास आपल्यालाच लिहिलंय. तसं ते खरंही होतं.

आधी फोन आले ते पार्सलसाठीच. मी आधी गोड बोलून, मग वैतागून नाही म्हणत राहिले. शेवटी एका रविवारी तिघं आली. एक नोकरदार जोडपं, आणि लासूर स्टेशनहून मुलाकडे राहायला आलेले एक आजोबा. कार्ड त्यांनी खिशात घडी करून आणलं होतं. तिघांचं छान जमलं. दर रविवारी यायला लागली.

आणि मी? मी तव्यापाशी. आपल्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी ना. बाहेरचं हसणं ऐकू यायचं, पण कशावर हसले ते कळायचं नाही. ती गेली की उष्टी ताटं उचलून मी एकटीच जेवायला बसायचे. इतका खटाटोप करून मी होते तिथंच होते.

म्हणून पुढच्या रविवारी भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळल्या. आमटीचं पातेलं मधोमध ठेवलं, चौथं ताट घेतलं आणि त्यांच्यात जाऊन बसले. पहिला घास हातातच होता. सगळे गप्प झाले. जोडप्यातली पोरगी आमटीच्या पळीकडे बघत राहिली, पण पळी घेईना.

आजोबा मायेनं म्हणाले, "कामून घाई करता, माय? आमचं होऊ द्या, मग निवांत बसा. तुमच्या हातची गरम भाकर लई भारी लागती."

माणूस वाईट बोलला असता तर भांडले असते. घास ताटात ठेवला, ताट झाकलं आणि गॅस पेटवला. पाठीमागं त्यांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या.