तानुबाईने गाडी थांबवली त्याची बातमी

पाचोऱ्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा धुळ्याच्या 'लोकसाद' नावाच्या साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. बाजारभाव, पाऊसपाणी, कुठे चोरी, कुठे व्याख्यान. त्यातच १९३४ च्या भाद्रपदात तानुबाईची बातमी आली.

तानुबाई नांदखेड्याची. नवरा झुलाल, दोन बैलांची शेती, कपाशी आणि ज्वारी. तिचं वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस असेल. अंगाने बारीक, बोलायला कमी. गावातही तिला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

त्या दिवशी डोंगराकडे मोठा पाऊस झाला आणि दुपारी नाल्याला लोंढा आला. नाल्यावरच्या रेल्वेपुलाचा पाया वाहून गेला. रूळ तेवढे अधांतरी लटकत राहिले. चारच्या सुमारास पॅसेंजर येत होती. तानुबाईने अंगावरचं तांबडं लुगडं अर्धं सोडलं, रुळांच्या मधोमध उभी राहिली आणि पदर हवेत फिरवत राहिली. गाडी थांबली ती तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. ड्रायव्हर तिला मारायलाच खाली उतरला होता म्हणतात. पुढे जाऊन नाला पाहून आला तेव्हा तो तिच्या पायाशी खाली बसला.

गाडीत तीनशेवर माणसं होती. आठ दिवसांत तानुबाईचं नाव मुंबई-पुण्याच्या पत्रांत झळकलं. पाचोऱ्याला मंडप पडला, प्रांतसाहेबांनी तिला चांदीचं पदक दिलं. नांदखेड्यात बैलगाड्यांची रीघ लागली. बाया तान्ही पोरं तिच्या हातात देऊन परत घेत. ती घरात शिरली तर लोक दारात बसून राहत. एका फोटोवाल्याने तिला पुन्हा रुळावर उभं केलं आणि पदर हलवायला सांगितलं. तिचे हात इतके कापायला लागले की त्याला फोटो घेता येईना. सगळे हसले. मीही हसलो.

"तू तिथे कशी काय होतीस?" असं जो तो विचारी. तिचं उत्तर ठरलेलं असे, "गवत कापाले गयती."

रेल्वे कंपनीने एक पत्रक काढलं. पूल मजबूत होता, हा केवळ दैवी कोप, आणि ड्रायव्हरच्या दक्षतेमुळे अनर्थ टळला, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: कामात कसूर केल्याबद्दल भिकन नावाच्या गँगमनला कमी करण्यात आलं आहे.

हा भिकन एका संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, पुलाला तडा गेलाय हे त्याने दोनदा वर कळवलं होतं. त्याच दिवशी बाराच्या सुमारास रुळांची तपासणी करणारे साहेब ट्रॉलीवरून आले, तेव्हा त्यांना हात धरून तो तडा दाखवला होता. साहेब म्हणाले, उद्या बघू, आणि पुढे निघून गेले.

"हे कोणी ऐकलं?" मी विचारलं.

"तानुबाईनी आयकं. ती तठेच निंबखाले बशेल व्हती."

मी मनात हिशेब केला. साहेब आले बाराला. गाडी आली चारला. चार तास ही बाई तिथे काय करत होती? तिच्याजवळ विळा नव्हता, हे गाडीतल्या लोकांनीच सांगितलं होतं. आणि गवत होतं ते नाल्याच्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी मी नांदखेड्याला गेलो. झुलाल शेतात होता. तानुबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी भिकनचं सांगितलं, मग विळ्याचं विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेंगांकडे बघत ती सांगत गेली. त्या दिवशी ती रुळाशी मरायला गेली होती. निंबाखाली बसून गाडीची वाट बघत होती. डोळ्यांदेखत पूल खचला. लांबून गाडीचा धूर दिसला आणि तिच्या मनात आलं, आत बसलेल्यांचा काय गुन्हा?

ती मरायला का निघाली होती, तेही तिने मला सांगितलं. ते मी त्या वेळी लिहिलं नाही आणि आताही लिहिणार नाही.

मी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. 'लोकसाद'चे संपादक गिरधर नाना म्हणजे खडकासारखा माणूस. एका मामलेदाराचं प्रकरण छापल्याबद्दल सहा महिने तुरुंगात राहून आलेले. सरकारने छापखाना एकदा बंद पाडला होता, तो त्यांनी पुन्हा उभा केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, ही बातमी पूर्ण छापायची."

"नाना, तिचं मरायला जाणं वगळून..."

"आजवर मी कोणाच्या शब्दावर ओळ वगळली नाही. प्रांताच्या नाही, सावकाराच्या नाही. आपणच काय झाकायचं ते ठरवायला लागलो तर सरकारात आणि आपल्यात फरक तो काय? आणि लोक तिला नमस्कार करतात. ज्याला नमस्कार करतो तो कोण आहे, हे लोकांना कळायला नको?"

मी एवढंच म्हणालो, "तुम्ही एकदा तिला भेटा."

नाना आले. पाचोऱ्याहून बैलगाडीने आम्ही नांदखेड्याला गेलो. तानुबाईने डोक्यावरून पदर घेतला, पाणी दिलं आणि दाराच्या आत उंबऱ्यापाशी बसली. नानांनी आपलं म्हणणं तिला समजावून सांगितलं. सत्य, वर्तमानपत्राचं कर्तव्य, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "साहेब काय बोलना, ते बठ्ठा लोकेसनं शे. त्या गाडीमा उद्या बी लोके बसतीन. ते छापा. माले कोठे बी बलावा, मी सांगसू. पन मी तठे काब्र गयती, ते मनं शे. ते तुम्हले कसाले पाहिजे?"

साहेबाचं बोलणं सगळ्या लोकांचं, पण ती तिथे का गेली ते तिचं एकटीचं, असा तिचा हिशेब होता. नानांनी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बरोबर आहे, अक्का," ते म्हणाले. त्यांच्या निम्म्या वयाच्या बाईला ते अक्का म्हणाले, हे माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या अंकात बातमी आली. भिकनने दिलेली सूचना, साहेबांचं उत्तर, आणि 'त्या वेळी जवळच असलेल्या तानुबाई यांनी हे शब्द स्वतः ऐकले' एवढंच. खळबळ उडाली. जळगावच्या वकिलांनी सभा घेतली. गाडीतल्या प्रवाशांनी सह्यांचा अर्ज केला. चौकशी नेमावी लागली.

आणि मग एका दुसऱ्या पत्राने, जे कंपनीच्या बाजूने लिहीत असे, उलट बातमी छापली. मथळा होता, 'वीरांगना की जीव द्यायला निघालेली?' जी स्वतःचा जीव द्यायला गेली होती, तिच्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा, असा त्या बातमीचा सूर होता.

ती गोष्ट फुटली ती माझ्या तोंडून. शाळेतल्या एका सोबत्याला मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की मला काय माहीत आहे आणि तरीही आम्ही काय छापलं नाही. त्याचा भाचा त्या पत्रात कामाला होता.

नांदखेड्याच्या चावडीवर तो अंक मोठ्याने वाचला गेला, तेव्हा झुलाल तिथे तंबाखू मळत बसला होता. आपली बायको मरायला निघाली होती, हे त्याला असं कळलं. तो उठून घरी गेला. शेजारीण तानुबाईच्या मदतीला धावली, तिला वाटलं तो मारणार. तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "तू माले सांगाले पाहिजे व्हतं." दुसऱ्या दिवशी कपाशी निंदायची होती, तरी तो शेतात गेला नाही. तिच्या आसपासच राहिला.

बैलगाड्या यायच्या थांबल्या. जिने आपलं पोर तिच्या हातात दिलं होतं, अशी एक बाई पाणवठ्यावर तिला बघून पोराला पदराआड घेऊ लागली.

चार दिवसांनी फौजदार आला. जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे, खटला होईल, असं त्याने बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबाचं मी काही ऐकलं नाही, पत्रवाल्याने मनचं छापलं, एवढं लिहून दे. तुझं प्रकरण मिटेल. आणि ज्याच्यामुळे तुझी अब्रू गेली त्याचा छापखानाही बंद होईल."

अब्रू घेतली ती त्या दुसऱ्या पत्राने, 'लोकसाद'ने नव्हे, हे तानुबाईला चांगलं कळत होतं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही. "मी जे आयकं ते आयकं," ती म्हणाली. "मी खोटं बोलाव नही."

चौकशीत तिला चार वकिलांसमोर उभं केलं. कंपनीच्या वकिलाने विचारलंच, "तू तिथे कशासाठी गेली होतीस?" ती म्हणाली, "मराले गयती. कान तं मना ठीक व्हतात ना?" खोलीत कोणी हसलं नाही. भिकनला आठ महिन्यांनी पुन्हा कामावर घेतलं. साहेबांची बदली झाली. फौजदाराचा खटला कधी उभाच राहिला नाही.

दरम्यान नानांनी एक अग्रलेख लिहिला होता. तानुबाईचं दुःख, खेड्यातल्या बायांचे हाल, त्या दुसऱ्या पत्राचा नीचपणा. तसा लेख नानांनी पूर्वी लिहिला नव्हता. मजकूर जुळवूनही झाला होता. तिला वाचून दाखवून ये म्हणाले, म्हणून मी त्याची प्रत घेऊन गेलो. तिने अर्ध्यातच मला थांबवलं.

"भाऊ, आते काही छापू नका. चांगलं बी नको."

मी धुळ्याला जाऊन तसं सांगितलं. नाना दोन फेऱ्या मारून आले आणि जुळारी नथ्थूला म्हणाले, "सोड हा मजकूर." नथ्थूने जुळवलेल्या मजकुराभोवतीचा दोर सोडला आणि शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा पुन्हा खणात टाकायला लागला. त्या अंकात पहिल्या पानावर कपाशीच्या भावाची जाहिरात आली.

मी पुढे एरंडोलला बदलून गेलो. बातम्या पाठवणं मी सोडलं होतं. तेरा वर्षांनी, स्वराज्य आलं त्या वर्षी दिवाळीत, नांदखेड्याला गेलो. झुलाल थकला होता. तानुबाईच्या ओट्यावर एक अनोळखी तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती. तानुबाई तिच्याशेजारी वाती वळत होती. झुलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, जिवाला कंटाळलेल्या अशा बाया येतात, लांबलांबून. पेपरात आलं होतं ते अजून लोकांच्या ध्यानात आहे. बसतात, जेवतात, जातात. ती कोणाचं नाव-गाव विचारत नाही.

निघताना मी तिला म्हणालो, ती गोष्ट तेव्हा माझ्याकडून फुटली होती.

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली. "दुसरं कोन सांगी?"

मी त्या बाईकडे पाहिलं. माझ्या चुकीतून काही चांगलं निघालं, असं काहीतरी माझ्या ओठांवर आलं असावं. तानुबाईने ते ओळखलं.

"ह्या येतस ते बरं शे," ती म्हणाली. "पन तुम्ही सांगाले नको व्हतं." आणि मला जेवायला थांबायला सांगून ती आत भाकरी टाकायला गेली.